बिलिंगच्या पीसीवरच कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालेल का?

विटेकर हार्डवेअर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

विट्याला आमचं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे, मागं गोडाऊन. सहा आयपी कॅमेरे आहेत, सगळे चार मेगापिक्सेलचे. परवा एनव्हीआरनं (सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) मान टाकली. ज्यानं बसवला त्याचं म्हणणं, "बोर्ड गेलाय, दुरुस्त होत नाही, आणि कॅमेरेबी जुने झालेत, एकदम सगळंच बदलू." आकडा ऐकून मी गप्प बसलो.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "मामा, कॅमेरे चांगले आहेत. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकू, तोच रेकॉर्डिंग करेल." कॉम्प्युटर म्हणजे चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, विंडोज १०. त्यावर टॅली चालते, बिलं निघतात, बाकी काही नाही. महिन्याभराचं रेकॉर्डिंग पाहिजे. नवीन हार्ड डिस्क घ्यायची तयारी आहे.

होईल का हे? का भाचा मला कामाला लावतोय?

नर्मदेतला गोटा | सोमवार, रात्री ९:५२

नवीन एनव्हीआर आणा, डिस्क टाका, वायरी खोचा. अर्ध्या तासाचं काम. भाच्याला परीक्षेचा अभ्यास करू द्या.

चौकस | सोमवार, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या सोसायटीतही हाच विषय निघालाय.

खटपट्या | सोमवार, रात्री ११:३०

गोटेबुवांचा सल्ला वाईट नाही, पण प्रश्न "होईल का" असा आहे, तर त्याचं उत्तर: होईल. मात्र बिलिंगच्या पीसीवर करू नका. दोन्ही गोष्टी सविस्तर सांगतो.

लोकांचा समज असा की सहा कॅमेऱ्यांचं व्हिडिओ रेकॉर्डिंग म्हणजे कॉम्प्युटरवर फार मोठा भार. तसं नाही. व्हिडिओ दाबून लहान करण्याचं काम, म्हणजे एन्कोडिंग, कॅमेऱ्याच्या पोटातली चिपच करते. पीसीकडे तयार माल येतो. पीसीनं तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवायचा. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबायची नवी पद्धत, एच.२६४ जुनी) साधारण २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) बरा चालतो. सहा कॅमेरे म्हणजे १२ एमबीपीएस, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला दीड एमबी. कुठलीही साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज लिहिते. दहा वर्षं जुना प्रोसेसरसुद्धा या कामात झोपा काढेल.

भार कधी येतो? पीसीला तो व्हिडिओ उलगडायला लावला की. उलगडावा लागतो तीन कारणांनी: पडद्यावर लाइव्ह बघायला, हालचाल ओळखायला, आणि (हा सगळ्यात मोठा गाढवपणा) पुन्हा एन्कोड करून साठवायला. तुमच्या चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ उलगडायचं हार्डवेअर आहे, एच.२६५ चं नाही. ते सहाव्या पिढीपासून आलं. म्हणजे सहाही कॅमेरे एच.२६५ मध्ये पूर्ण रिझोल्यूशनला स्क्रीनवर लावलेत तर सगळा भार सीपीयूच्या उरावर, टॅली रांगायला लागणार.

यावर उपाय कॅमेऱ्यातच असतो. प्रत्येक बऱ्यापैकी कॅमेरा एकाच वेळी दोन प्रवाह देतो, मेन स्ट्रीम आणि सब स्ट्रीम. सब स्ट्रीम म्हणजे ६४० बाय ३६० किंवा तत्सम लहान चित्र. मेन स्ट्रीम न उघडता थेट डिस्कवर, आणि लाइव्ह बघणं, हालचाल ओळखणं हे सगळं सब स्ट्रीमवर. हे एवढं जमलं की बाकी सगळं सोपं.

आता डिस्कचं गणित. १ एमबीपीएसला दिवसाला १०.८ जीबी लागते, हा आकडा पाठ करून टाका. तुमचे १२ एमबीपीएस, म्हणजे दिवसाला १२९.६ जीबी. तीस दिवसांचे ३,८८८ जीबी. "मग ४ टीबी पुरेल" असं वाटेल, पण डिस्क काठोकाठ भरू द्यायची नसते, दहाएक टक्के मोकळी ठेवावी लागते. म्हणून ६ टीबी घ्या. आणि हे सगळं एसएसडीवर अजिबात नको. २४० जीबीत दोन दिवससुद्धा मावणार नाहीत, शिवाय वर्षाला सत्तेचाळीस टीबी लेखन होणार. स्वस्त लहान एसएसडींचं आयुष्यभराचं लेखन-रेटिंगच ८० टीबीच्या आसपास असतं.

डिस्क घेताना साधी डेस्कटॉपची नको. त्यांचा वर्षाचा वर्कलोड बहुधा ५५ टीबी दिलेला असतो, लिहिणं आणि वाचणं मिळून. तुम्ही त्याच्या जवळ पोचताय. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक या रेकॉर्डिंगसाठीच्या डिस्कना १८० टीबी असतो. शिवाय स्वस्त डिस्क बऱ्याचदा एसएमआर असतात, म्हणजे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. जुनं पुसून नवं लिहायची वेळ आली की त्या दमतात. डेटाशीटवर सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) लिहिलंय का बघून घ्या.

टॅलीच्या पीसीवर का नको ते उद्या. डोळे मिटतायत.

नर्मदेतला गोटा | मंगळवार, सकाळी ७:१५

एवढं वाचण्यापेक्षा एनव्हीआर स्वस्त पडेल हे माझं मत अजून ठाम झालं.

लाईटवाला पिंट्या | मंगळवार, सकाळी ८:०२

विटेकरदादा, एक इचारतो. कॅमेऱ्याच्या वायरी एनव्हीआरच्या पाठीमागच्याच पोर्टात होत्या का? का मधी स्विच हाय?

विटेकर हार्डवेअर | मंगळवार, सकाळी ८:२०

थेट एनव्हीआरच्या मागे. स्विच कुठं दिसत नाही.

लाईटवाला पिंट्या | मंगळवार, सकाळी ८:४१

मग आधी ते. तुमचे कॅमेरे लाईट त्या एनव्हीआरकडनंच घेत होते. तो मेला, आता कॅमेरेबी अंधारात. सॉफ्टवेअर कसलंबी टाका, पीओई स्विच (नेटच्या वायरीतनंच लाईट देणारा) घेतल्याबिगर एकबी कॅमेरा उठणार न्हाई. आठ पोर्टाचा घ्या आणि टोटल वॅट बघून घ्या. एका पोर्टला १५.४ वॅट लिहिलेलं असतंय, पण सगळ्या पोर्टांना एकदम तेवढं देतोच असं न्हाई. रातच्याला अंधारात दिसायची आयआर लाईट लागली की कॅमेरा जास्त ओढतो.

दुसरं, वायर कसली हाय ते एक टोक सोलून बघा. ब्लेडनं खरवडल्यावर आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. सीसीए म्हणत्यात. बिलावर 'कॅट ६' लिहून तीच मारत्यात. लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत न्हाई, मग रात्री बरोबर आयआर लागायच्या टायमाला कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. गिऱ्हाईक म्हणतंय सॉफ्टवेअर खराब.

गोडाऊनची वायर १०० मीटरच्या आत हाय ना? आणि उघड्यावरनं, पत्र्यावरनं गेलीय का? वळवाच्या पावसात त्याच वायरीतनं ईज आत येती. तुमचा एनव्हीआर त्यानंच गेला असंल तर पीसीबी त्याच वाटंनं जाईल.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ९:३०

पिंट्याभाऊंना दंडवत. मी आकडेमोडीत होतो आणि कॅमेऱ्यांना वीजच नाही हे सुचलं यांना.

अजून एक भर. एनव्हीआरच्या मागच्या पोर्टांत लावलेल्या कॅमेऱ्यांना आयपी पत्ते एनव्हीआरनंच दिलेले असतात, आणि बऱ्याचदा पासवर्डही त्याचाच. स्विचवर आणल्यावर ते तुमच्या राउटरच्या रेंजमध्ये दिसणार नाहीत. कंपनीचं शोधायचं टूल लॅपटॉपवर चालवून पत्ता बदलून घ्यावा लागेल. पासवर्ड बसवणाऱ्याकडून आजच लिहून घ्या. देत नसेल तर कॅमेऱ्याच्या पोटात रिसेटचं बटण असतं, शिडी लावावी लागेल.

आता टॅलीचं. विंडोज अपडेट आलं की मशीन रीस्टार्ट मागते. होम आवृत्तीत तुम्ही 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' देऊ शकता, म्हणजे या वेळात रीस्टार्ट करू नको. ती मुदत जास्तीत जास्त १८ तास. उरलेल्या सहा तासांत ती रीस्टार्ट होऊ शकते. दुकानदार साहजिकच दिवसाची वेळ राखून ठेवतो, म्हणजे रीस्टार्ट रात्री, म्हणजे नेमकं जेव्हा कॅमेऱ्यांची गरज आहे तेव्हा. रेकॉर्डिंगच्या मशीनला उलटं करायचं: संध्याकाळी सहा ते दुपारी बारा राखीव, रीस्टार्ट झालाच तर भर दुपारी तुमच्यासमोर. पण तेच मशीन बिलिंगचं असेल तर दुपारी बारा ते सहा गिऱ्हाईक उभं. एका मशीनला दोन मालक, कुणाचं ऐकणार?

आणि काउंटरवरच्या पीसीवर पोरगं पेनड्राइव्ह लावतं, कुणी दुकान बंद करताना सवयीनं शटडाऊन मारतं. हे घडणारच.

शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, तिथे आठवीपासून पुढचे लागतात. टॅलीचा डेटा असलेल्या मशीनवर कॅमेऱ्यांचं जाळं जोडणं मला पटत नाही.

बाररूम | मंगळवार, दुपारी १:१०

मी वकिली करतो, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. पण बिलिंगच्या पीसीवर रेकॉर्डिंग नको याचं माझ्याकडचं कारण वर कुणी दिलेलं नाही.

उद्या गोडाऊन फुटलं. तुम्ही तक्रार दिलीत. तपास अधिकारी पंचनामा करून फुटेज ज्यात आहे ती वस्तू ताब्यात घेऊ शकतो. डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) उचलून नेलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तुमच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे टॅलीचा कॉम्प्युटर असेल. मार्चअखेर असेल तर मग काय, बघा विचार करून.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या जागी आता कलम ६३. फुटेजची प्रत पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर दिली तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं. नव्या कायद्याच्या परिशिष्टात त्याचा नमुनाच दिलेला आहे, भाग 'अ' देणाऱ्यानं भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं, आणि दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा) लिहायची.

प्रमाणपत्र हवंच का, या वादावर सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी पडदा टाकला, तो खटला आपल्या जालन्याचाच. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, एवढाच मुद्दा, आणि पुरावा म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. न्यायालय म्हणालं, मूळ उपकरणच कोर्टात आणून मालकानं शपथेवर सिद्ध केलं तर प्रमाणपत्र नको, नाहीतर अनिवार्य.

आता त्या खटल्यात सगळं घड्याळावर होतं हे लक्षात घ्या. म्हणून मी अशिलांना कॅमेऱ्यांचं सगळ्यात आधी घड्याळ तपासायला सांगतो. व्हिडिओत ८:५२ आणि त्याच गिऱ्हाइकाच्या बिलावर ८:४५ असेल तर समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. मी पण बसेन.

विटेकर हार्डवेअर | मंगळवार, दुपारी २:३५

बापरे. टॅलीचा पीसी पोलीस स्टेशनला, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. बिलिंगचा पीसी रद्द. सही.

एक टोक सोललं. आत पांढरं. पिंट्याभाऊ, तुम्ही देवमाणूस.

लाईटवाला पिंट्या | मंगळवार, दुपारी २:४१

🙏 गोडाऊनची तेवढी बदला, दुकानातली राहू द्या.

फ्रीमाँटची सई | मंगळवार, रात्री ११:४८

मी इथे कॅलिफोर्नियात घरी ब्लू आयरिस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरते, विंडोजवर, वापरलेल्या आठव्या पिढीच्या आय५ वर. विकत घ्यावं लागतं, पण एका लायसन्सवर ६४ कॅमेऱ्यांपर्यंत चालतं, म्हणून कॅमेऱ्यामागे पैसे नाहीत. खटपट्या म्हणाले त्यातले दोन पर्याय त्यात शोधून चालू करावे लागतात: 'डायरेक्ट टू डिस्क' आणि प्रत्येक कॅमेऱ्याला सब स्ट्रीमचा पत्ता. हे दोन न केलेले लोक इंटरनेटभर "सीपीयू शंभर टक्के" म्हणून रडत असतात.

अजून काही गोष्टी ज्या विंडोजवर हमखास राहून जातात. सॉफ्टवेअर 'सर्व्हिस' म्हणून चालवा, म्हणजे मशीन रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर अडकली तरी रेकॉर्डिंग सुरू होतं. स्लीप बंद, हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ 'कधीच नाही'. डिफेंडरला (विंडोजचा अँटिव्हायरस) रेकॉर्डिंगचा फोल्डर वगळायला सांगा, नाहीतर तो प्रत्येक नवी फाइल तपासत बसतो. बायॉसमध्ये (मशीनची मूळ सेटिंग) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तो लावा.

माईक मात्र सगळ्या कॅमेऱ्यांचे बंद ठेवलेत. इथे खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. तुमच्याकडचा कायदा बाररूम सांगतीलच, पण काउंटरवर गिऱ्हाईक काय काय बोलत असतं ते साठवून करायचंय काय?

पेंग्विनप्रेमी | बुधवार, सकाळी ६:५५

विकतचं सॉफ्टवेअर, त्यावर विंडोज, वर डिफेंडरची मनधरणी. कशाला? त्याच जुन्या मशीनवर डेबियन (लिनक्स) टाका आणि डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) फ्रिगेट हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. फुकट, मुक्तस्रोत, ब्राउझरमध्ये दिसतं. मेन स्ट्रीम न उलगडता दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत साठवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी फार तर शेवटचा तुकडा जातो. (साध्या एमपी४ मध्ये फाइल बंद करताना शेवटी अनुक्रमणिका लिहिली जाते. वीज गेली की ती राहते आणि तासाभराची अख्खी फाइल उघडत नाही.) सब स्ट्रीमवर माणूस, गाडी, कुत्रा ओळखतं. मांजर फिरलं म्हणून रात्री फोन वाजत नाही.

नर्मदेतला गोटा | बुधवार, सकाळी ७:३०

पेंटच्या दुकानात डॉकर. वा. भाचा नोकरीला पुण्याला गेला की मग कोण, गडी माणसं कॉन्फिग फाइल लिहिणार?

पेंग्विनप्रेमी | बुधवार, सकाळी ७:४४

एकदा लावलं की हात लावावा लागत नाही.

नर्मदेतला गोटा | बुधवार, सकाळी ७:४६

हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वस्तूबद्दल ऐकलं, त्या त्या वस्तूला सगळ्यात जास्त हात लावलाय.

खटपट्या | बुधवार, सकाळी १०:२०

😀 इथे मी गोटेबुवांच्या बाजूनं. फ्रिगेट मला स्वतःला आवडतं, पण ओळखण्याच्या कामासाठी प्रोसेसर थोडा नवा लागतो. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर ओपनव्हिनो (ओळखण्याचं काम चालवणारं इंटेलचं सॉफ्टवेअर) चालतं, पण सहाव्या पिढीपासून पुढे. चौथीवर सगळं सीपीयूवर येईल. फक्त रेकॉर्डिंग करायचं तर ओळखणं बंद ठेवून चालेल, पण मग फ्रिगेटचा अर्धा उपयोग गेला.

विटेकरांसाठी प्रश्न सॉफ्टवेअरचा कमी आणि "बिघडलं तर कोण बघणार" हा जास्त आहे. विट्यात विंडोज दुरुस्त करणारा माणूस सापडेल, लिनक्सवाला नाही. कुणाला फुकट आणि विंडोजवर हवं असेल तर एजंट डीव्हीआर आहे, घरगुती वापराला, घरच्याच नेटवर्कवर, पैसे लागत नाहीत, दुकानासाठी वापरायचं किंवा बाहेरून बघायचं तर ते पैसे मागतात. झोनमाइंडर जुनं आणि भरवशाचं, पण आजच्या घडीला नवशिक्याला मी सुचवणार नाही.

मशीनबद्दल. कंपन्यांनी वापरून काढलेले छोटे डेस्कटॉप मिळतात, ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर. आठव्या पिढीचा आय५ घ्या. अगदी पुस्तकाएवढं 'मायक्रो' किंवा 'टायनी' मॉडेल नको, त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही. त्याहून एक आकार मोठं 'एसएफएफ' घ्या. आणि यूएसबीला बाहेरून डिस्क लटकवून रेकॉर्डिंग करू नका, धक्का लागला की संपलं.

विजेचं: असं मशीन डिस्कसकट ३० वॅट धरलं तर महिन्याला २१.६ युनिट. तुमच्या जुन्या डेस्कटॉपसारखी मशीन ६५ वॅट ओढत असेल तर ४६.८. फरक पंचवीस युनिटचा, दरमहा, कायमचा. जुनं पडलेलं मशीन वापरलं म्हणून फुकट पडलं असं नसतं.

शिवारातून | बुधवार, दुपारी १२:१५

आमच्या तासगावकडच्या द्राक्षबागेत असंच लहान मशीन आहे, फोर-जी राउटरवर. मोबाईलवरून बघायला पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून बाहेरून आत यायची वाट) करायला गेलो तर चालेचना. मग कळलं, मोबाईल नेटवर्कवर आपल्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, शेकडो गिऱ्हाइकांत एक वाटलेला असतो. शेवटी टेलस्केल (आपल्याच उपकरणांमधला खासगी बोगदा) टाकलं. फोनवर एक अ‍ॅप, मशीनवर एक, झालं.

खटपट्या | बुधवार, दुपारी १२:४०

आणि चाललं नाही तेच बरं झालं. कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा टाकणं म्हणजे आमंत्रणच. २०१६ चं मिराई नावाचं मालवेअर आठवा, डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचे मूळचे पासवर्ड वापरून लाखो उपकरणं गुलाम केली होती, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेनं अमेरिकेतल्या कित्येक लोकप्रिय वेबसाइटी आडव्या पाडल्या. टेलस्केल किंवा तसंच वायरगार्ड, तिसरा रस्ता नाही.

विटेकर, तुमच्या मशीनमध्ये दुसरं लॅन कार्ड टाका. एकाला फक्त कॅमेऱ्यांचा स्विच, दुसऱ्याला दुकानाचा राउटर. कॅमेऱ्यांना इंटरनेट मिळताच कामा नये. त्यात एक मेख आहे: इंटरनेट नाही म्हणजे कॅमेऱ्यांना बरोबर वेळ कुठून मिळणार? रेकॉर्डिंगच्या पीसीलाच वेळेचा सर्व्हर करा आणि सगळ्या कॅमेऱ्यांत एनटीपीचा (वेळ जुळवायची सोय) पत्ता म्हणून त्याचाच आयपी भरा. मग बाररूम यांचं ८:५२ आणि ८:४५ होणार नाही. टॅलीच्या पीसीचं घड्याळही इंटरनेटशी जुळलेलं आहे ना बघा.

बाररूम | बुधवार, दुपारी १:३०

उत्तम. हॅश कशी काढायची ते कुणी सोप्या शब्दांत लिहाल का? प्रमाणपत्राचा तो रकाना बघून माझे अशील घाबरतात.

पेंग्विनप्रेमी | बुधवार, दुपारी १:४२

विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये तिला 'हॅशफाइल' म्हणायचं, पुढे फाइलचं नाव, पुढे एसएचए२५६. चौसष्ट अक्षरांची एक ओळ येते. फाइल पेनड्राइव्हवर टाकण्याआधी एकदा, टाकल्यावर एकदा. दोन्ही ओळी जुळल्या पाहिजेत. सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करताना पुन्हा एन्कोड करणार असेल तर तो पर्याय बंद करा. मूळ प्रवाह जसाच्या तसा निघाला पाहिजे, आणि मूळ रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून ते 'संरक्षित' करून ठेवा. तीस दिवसांनी सॉफ्टवेअर विचारत नाही, पुसून टाकतं.

चौकस | बुधवार, दुपारी ३:०५

आमच्या सोसायटीत एका सभासदानं ऑनलाइन स्वस्तातले विनानावाचे कॅमेरे आणायचा आग्रह धरलाय. सॉफ्टवेअरला काय फरक पडतो?

खटपट्या | बुधवार, दुपारी ३:३०

सॉफ्टवेअरला एवढंच पाहिजे: कॅमेरा आरटीएसपी प्रवाह (नेटवर्कवरून थेट व्हिडिओ) देतो का, ऑनव्हिफ (सगळ्या कंपन्यांचं समान मानक) आहे का. बरेच स्वस्त वायफाय कॅमेरे फक्त स्वतःच्या अ‍ॅपशी आणि क्लाउडशी बोलतात, ते आपल्या पीसीच्या काही कामाचे नाहीत. आणि एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या किमान अटींची चाचणी सक्तीची झालीय. त्या सभासदाला त्याचं प्रमाणपत्र मागा, आग्रह आपोआप मावळेल.

विटेकर हार्डवेअर | शनिवार, रात्री ९:१५

अपडेट देतो. वापरलेलं एसएफएफ मशीन कोल्हापुरातनं आणलं, आठव्या पिढीचा आय५. ६ टीबीची डिस्क, आठ पोर्टाचा स्विच. गोडाऊनची वायर नवी ओढली. पासवर्ड बसवणाऱ्यानं दिला नाही, "कंपनी पॉलिसी" म्हणाला. मग भाच्यानं शिडी लावून सहाही रिसेट केले. भाच्याला फ्रिगेट टाकायचं होतं, मी गोटेबुवांचा प्रतिसाद दाखवला. विंडोज ११ आणि ब्लू आयरिस. सीपीयू दहाबारा टक्क्यांवर बसलाय. लाईट गेली की यूपीएसवर स्विच आणि मशीन दोन्ही राहतात. नुसत्या मशीनला यूपीएस लावून उपयोग नाही, हे पिंट्याभाऊंनी फोनवर सांगितलं.

एकच राहिलं. गोडाऊनच्या फाटकावर माणूस येतो तो दिसतो, पण कोण ते ओळखू येत नाही. कॅमेरा फाटकापासून तीस फुटांवर, भिंतीवर उंच आहे. बिटरेट वाढवून सुधारेल का? सध्या २ आहे, ४ करू?

खटपट्या | शनिवार, रात्री ९:५०

नाही सुधारणार, त्या कॅमेऱ्याला डिस्कवर जागा मात्र दुप्पट लागेल. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला मानकाप्रमाणे एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. चार मेगापिक्सेलचं चित्र २,५६० पिक्सेल रुंद, म्हणजे चित्रात फार तर दहा मीटर रुंदी मावली पाहिजे. तुमची लेन्स बहुधा २.८ मिमीची असणार, ती शंभरएक अंशांत बघते. चार-साडेचार मीटरवरच तिची दहा मीटर रुंदी संपते. तुमचं फाटक नऊ मीटरवर.

लाईटवाला पिंट्या | शनिवार, रात्री १०:०४

६ मिमीचा एक कॅमेरा घ्या फाटकासाठी. आणि उंचावर लावू नका, वरनं नुसती टोपी दिसती. आठ-नऊ फुटांवर, फाटकाकडं तोंड करून. आता हाय तो राहू द्या तिथंच, अख्ख्या अंगणावर नजर ठेवायला. स्विचला पोर्ट रिकामं हायच. सोमवारी येतो, वायर कॉपरची आणून ठेवा, खरवडून बघून.